मागच्या दारानं येणारा सावळा

जनरल साहेब शुक्रवारी येणार असा फोन आला, तेव्हापासून हौशीच्या हाताला थारा नव्हता. सकाळी सारवलेलं अंगण तिनं दुपारी परत सारवलं. ओटीवरची नागलीची पोती आत नेली, आत अडचण होते म्हणून पुन्हा ओटीवर आणली. पुढच्या बुधवारी पुष्पाचं लग्न. घरात भाड्याची पातेली येऊन पडलेली, मांडवाचे बांबू अंगणात आडवे, पत्रिका अजून निम्म्या वाटायच्या. पण हौशीला त्यातलं काहीच सुचत नव्हतं.

"आये, बस गं जरा," पुष्पा म्हणाली. ती आरोग्य उपकेंद्रात नर्स होती आणि घरातही तिचा आवाज तसाच चाले. "साहेब काय आपलं अंगण तपासायला येतोय?"

"तुझा बा कुठं गेला?"

"मघाशी विहिरीकडं होता. आता माळावर दिसला."

हौशीनं कमरेवर हात ठेवून माळाकडे बघितलं. सावळा तिथून इकडे चालत होता, इथून तिकडे चालत होता. पन्नाशीचा गडी, पाठ अजून ताठ, पण पाय एका जागी राहायचे नाहीत. गेली पंचवीस वर्षं राहिले नव्हते.

तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. साहेबांनी शब्द मागे घेतला, तर सावळा पुढच्या दारानं घरात येईल, देवापुढं बसेल, आणि लेकीचं लग्न बापाच्या हातानं लागेल. नाही घेतला, तर बाप जिवंत असून पुष्पाला चुलत्याच्या मांडीवर बसावं लागेल.

पोशेऱ्याच्या बाजूच्या त्या पाड्यावर सावळ्याला ओळखत नाही असा माणूस नव्हता. जिवंतपणी ज्याचा वीर बसला, असा तालुक्यात तो एकटाच.

या भागात कुणी घरापासून लांब, अवचित मेला, तर त्याच्या नावानं सागाची फळी कोरतात. वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस. ती फळी शिवेवर पुरतात, तिला शेंदूर लावतात, आणि मग तो माणूस त्या घराचा वीर होतो. दिवाळीच्या आधी, नवं खायच्या दिवशी, त्याला नवा तांदूळ दाखवल्याशिवाय घरात कुणी तोंडात घास घालत नाही. शिवेवर असे सात-आठ वीर होते. सगळ्यात शेवटचा सावळ्याचा.

सावळा एकोणीस वर्षांचा होता तेव्हा नाशिकला सैन्याची भरती निघाली. खोडाळ्याच्या बाजाराला जातो असं आईला सांगून तो गेला. संगती दोन भाकऱ्या आणि शाळेचा दाखला. धावण्याच्या वेळी तिथल्या हवालदारानं विचारलं, बूट कुठं आहेत? हा म्हणाला, पाय आहेत ना. त्या दिवशी तो पहिल्या पाचात आला. पाड्यावरून फौजेत गेलेला तो पहिला.

तीन वर्षांनी हौशीशी लग्न झालं, पुष्पा झाली. मग त्याची कंपनी वर बर्फात गेली. कंपनीचे साहेब होते मेजर यशवंत इंगवले, कऱ्हाडकडचे. सावळा त्यांचा बिनतारी संच पाठीवर घेऊन चालायचा, साहेबांच्या मागे तीन पावलं. सुट्टीवर आला की तो साहेबांच्याच गोष्टी सांगायचा. साहेब जवान जेवल्याशिवाय जेवत नाहीत. साहेबांना सगळ्यांच्या आयांची नावं पाठ आहेत. हौशी तेव्हा लटक्या रागानं म्हणायची, "मग साहेबाशीच लगीन लावायचं होतंस."

त्या वर्षी माघात सावळ्याच्या छातीत कफ झाला, ताप चढला. त्याला खालच्या छावणीत न्यायचं ठरलं. त्याच्या जागी आला धाकलू गावडे, चंदगडचा, एकवीस वर्षांचा. नवीनच आलेला, अंगातला कोट पातळ. उतरताना सावळ्यानं आपला जाड कोट काढून त्याच्या अंगात घातला. कोटाच्या छातीवर सावळ्याच्या नावाची पट्टी शिवलेली होती.

संध्याकाळी बर्फाचा कडा सुटला. दोन दिवसांनी एक देह सापडला. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता, कोटावरची पट्टी शाबूत होती. सावळा खाली पोचला की वाटेतच गाडला गेला, हे वर कुणाला ठाऊक नव्हतं. खालच्या छावणीचा रस्ता बंद, संपर्क बंद, आणि तिथल्या दवाखान्याच्या तंबूत तापानं बरळणाऱ्या माणसाचं नाव वर कुणाला कळवायला साधन नव्हतं. मेजर साहेबांनी वाट बघितली नाही. त्यांनी अग्नी दिला, आणि स्वतःच्या हातानं मराठीत पत्र लिहिलं.

ते पत्र शाळेच्या गुरुजींनी अंगणात उभं राहून वाचलं. "तुमचा सावळा माझ्याबरोबर होता. मी स्वतः त्याला अग्नी दिला आहे." पाठोपाठ दोन जवान अस्थींचं मडकं घेऊन आले, त्यावर झेंड्याचं कापड. सावळ्याच्या बापानं मडकं वैतरणेत सोडलं. हौशीच्या बांगड्या फुटल्या. आणि तिची सासू पोशी धोंडी भगताच्या मागे लागली, की माझा लेक परक्या डोंगरात भटकतोय, त्याला लवकर घरी आणून बसव. लोक वर्ष थांबतात. पोशी पंधरा दिवस थांबली नाही. कोरणाऱ्यानं विचारलं, फौजेतला माणूस, त्याच्या हाती तलवार काढू की बंदूक? पोशी म्हणाली, बंदूक. घोडा मात्र राहिला, घोड्याशिवाय वीर होत नाही.

वीर बसला त्याच्या चौथ्या दिवशी दुसरं पत्र आलं. गफलत झाली आहे, सावळा जिवंत आहे, दवाखान्यात आहे.

गुरुजींनी ते तीनदा वाचलं. पोशीनं पदर तोंडात कोंबला आणि शिवेवर पळत गेली, तशी आली, परत गेली. कुणाला मिठी मारायची तेच तिला कळेना.

चैत्रात सावळा आला. बोहल्यावरून आलेल्या नवरदेवाकडं बघावं तशी सगळ्या पाड्यानं गर्दी केली. तो पायरीवर पाय ठेवणार, इतक्यात त्याच्या आईनंच हात आडवा घातला.

"थांब रं लेका. आथून नको."

धोंडी भगताला बोलावलं. तो तेव्हा पंचेचाळिशीचा असेल. बराच वेळ तांदळाचे दाणे खालीवर करत बसला, मग म्हणाला, "ज्याच्या तोंडानं हा मेला, त्याच्याच तोंडानं जिता व्हायला पायजे. त्या साहेबानं आथं यावं. वीरासमोर उभं राहून बोलावं, की माझा शब्द चुकला. मग वीर उठवू, नदीत सोडू. तंवर यानं मागल्या दारानं ये-जा करावी. देवाला हात लावायचा नाय, नवं खायाचं नाय. जे त्याला दाखवलंय ते त्यानंच कसं खावं?"

सावळा शिवेवर जाऊन आपला वीर बघून आला. आल्यावर एवढंच म्हणाला, "मी कंदी घोड्यावर बसलोय?" लोक हसले. हौशी नवीन बांगड्या भरायला मोखाड्याला गेली. तिला वाटलं, साहेब काय, आज ना उद्या येतीलच.

इथून पुढं हौशीनं साहेबांच्या बढत्या मोजल्या. पाड्यावरच्या बायकांना मराठी महिने पाठ असतात, तिला फौजेतली पदं पाठ झाली.

इंगवले साहेबांनी सावळ्याला आपला सहायक करून घेतलं. त्यांचा गणवेश, त्यांचे बूट, त्यांचा चहा. साहेब लेफ्टनंट कर्नल झाले. हौशीनं विचारलं, "सांगितलंस का साहेबाला?" सावळा म्हणाला, "सांगितलंय. पलटण हातात आलीय, आता हालता येत नाय त्यांना." साहेब कर्नल झाले, सरहद्दीवर गेले. "सांगितलंस?" "सांगितलंय. बघू म्हणाले." सतरा वर्षं भरली आणि सावळा नाईक होऊन घरी आला. साहेब ब्रिगेडियर झाले, ईशान्येकडं गेले. मेजर जनरल झाले, दिल्लीत मोठ्या कचेरीत बसले. लेफ्टनंट जनरल झाले तेव्हा त्यांचा फोटो पेपरात आला, छातीवर फिती मावत नव्हत्या. प्रत्येक बढतीला साहेबांचं चार ओळींचं पत्र यायचं, पुढं पुढं फोन यायचा. सावळा फोन उभ्यानं घ्यायचा. "सब ठीक साहेब. खुशाल आहे साहेब."

फोन ठेवला की हौशी विचारायची. तो म्हणायचा, "बोललोय."

तिला साहेबांचा राग यायचा. मेजर होता तेव्हा एका एसटीत बसून आला असता. आता त्याला यायचं तर पुढं एक गाडी, मागं दोन गाड्या, कलेक्टर, पोलीस. चूक तेवढीच, पण ती कबूल करायला खाली उतरायचं अंतर दर बढतीला वाढत चाललेलं.

आणि सावळा? तो कुठंच टिकला नाही. ठाण्यात एका सोसायटीत राखणदार झाला, पाच महिने. नाशकात गोदामात, चार महिने. भिवंडीत, सिन्नरला. लोक म्हणायचे पेन्शन आहे, घरी बस की. घरी आला की गोठ्यात पथारी टाकायचा, पहाटे उठून मैल दोन मैल चालून यायचा, मग गोठ्याच्या दारानं आत डोकावून चहा मागायचा. दिवाळीच्या आधी, नवं खायच्या दिवशी तर हटकून गायब. चार दिवसांनी यायचा. "कुठं होतास?" "कामाला." शेजारची नवशी विहिरीवर सगळ्यांदेखत म्हणायची, "हौशे, तुझ्या घरात देव पण तोच नि धनी पण तोच. आम्ही नवस कोनापुढं बोलायचा?" हौशी हसून वेळ मारून न्यायची आणि घरी येऊन कणसरीच्या टोपलीपुढं बसायची. धान्याची देवी ती, तिच्यापुढं काही मागायची लाज नाही वाटत. दरसाल तेच मागणं. माझ्या माणसाला आत येऊ दे.

यंदा साहेब निवृत्त झाले, पुण्यात राहायला आले. पुष्पाचं लग्न ठरलं. हौशीनं सावळ्याला न विचारता पत्रिकेवर लेकीकडून दोन ओळी लिहून घेतल्या आणि पोस्टात टाकली. "साहेब, लग्नाच्या आधी एकदा तरी या. तुमच्यावाचून अडलंय." साहेबांचा फोन आला. लग्नाच्या दिवशी डोळ्याचं ऑपरेशन आहे, पण शुक्रवारी येतो.

सरपंच मंगेशला हे कळलं मात्र, त्यानं फलक छापून आणला. शाळेच्या पटांगणात खुर्च्या, सतरंज्या, मुलांचं लेझीम. हौशी त्याला म्हणाली, "साहेब माझ्याकडं येतोय. कामाला येतोय."

"मामी, लेफ्टनंट जनरल माणूस काय रोज येतो का पोशेऱ्याला? आधी सत्कार, मग तुझं काय असेल ते."

"माझं काय असेल ते तुला ठावं हाय."

मंगेशनं मान खाजवली. "ठावं हाय. पण एवढ्या मोठ्या माणसाला फळीसमोर उभं करून चुकलो म्हणायला लावायचं? मी नाय बोलणार. तूच बघ."

गुरुवारी सावळ्यानंही तेच सांगितलं, गोठ्याच्या दारात उभं राहून. "साहेबाला कोणी काय बोलायचं नाय. जेवायला घाल, पाठव. ऐकलंस?"

"पोरीच्या लग्नात कोण बसंल?"

"माझा भाऊ बसंल."

"तुला लाज नाय वाटत?"

तो वळून निघून गेला. भर उन्हात, अनवाणी.

शुक्रवारी साहेब आले ते एका साध्या पांढऱ्या गाडीतून, फक्त ड्रायव्हर बरोबर. पुढं-मागं कुणी नाही. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा, चालताना उजवा गुडघा जरा ओढत. हौशीनं मनात जो डोंगराएवढा माणूस धरला होता, तो हा नव्हता. हा तर कुणाचाही सासरा शोभला असता.

सत्कार झाला. शाल, नारळ, मंगेशचं लांबलचक भाषण. साहेब बोलले ते थोडंच. सावळा पूर्ण वेळ त्यांच्या खुर्चीमागे उभा होता. तीन पावलं मागे. कुणी बस म्हटलं तरी बसला नाही.

मग साहेब घराकडे निघाले. मागे पाच-पंचवीस माणसं आली, त्यात धोंडी भगत काठी टेकत. अंगणात साहेबांनी बूट काढले, पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळून म्हणाले, "चल सावळा. बघू दे तुझं घर."

"तुम्ही व्हा साहेब. मी आलोच मागनं."

असं म्हणून तो घराला वळसा घालून गोठ्याकडे निघाला.

साहेब पायरीवरच थांबले. "मागून का?"

मंगेश मोबाइल बघायला लागला. पुष्पा आईकडं बघत होती. हौशी पाय धुवायच्या पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. कोपऱ्यावरून सावळ्यानं डोळे वटारले, ते तिनं बघितले. आणि तरी तिनं तोंड उघडलं.

"साहेब, तो पंचवीस वर्षं मागनंच येतोय. तुम्ही त्याला मेला म्हणून लिहिलंत ना, तेव्हापासनं."

तिनं सगळं सांगितलं. एकदा सुरू झाली ती थांबवता थांबेना. वीर, भगताचा शब्द, नवं खाणं, बुधवारचं लग्न. "आणि तुम्हाला त्यानं किती येळा सांगितलं. कर्नल होतात तेव्हा सांगितलं, ब्रिगेडियर होतात तेव्हा सांगितलं. तुम्हाला काय एक दिस नाय मिळाला?"

साहेबांनी चष्मा काढला. "मला?" ते म्हणाले. "बाई, मला हे आत्ता कळतंय. माझ्याजवळ हा दहा वर्षं होता. रोज सकाळी चहा द्यायचा. एका शब्दानं बोलला नाही."

हौशीनं सावळ्याकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. पंचवीस वर्षांचे सगळे "सांगितलंय" तिच्या कानात एकदम वाजले. तिला वाटलं, हातातला तांब्या याच्या डोक्यात घालावा.

"खोटं बोललास?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"अरे, पोरीच्या लग्नापर्यंत खोटं बोललास?"

साहेब पायरीवरून खाली उतरले. बूटही घातले नाहीत. "कुठं आहे तो वीर? चला. मी बोलतो. आत्ता बोलतो."

सगळे शिवेवर गेले. शेतात भाताची कापलेली खुंटं होती, साहेबांच्या पायाला टोचत असणार, पण त्यांनी पाय आखडला नाही. धोंडीनं फळीसमोर तांदळाचे चार दाणे टाकले. साहेबांनी हात जोडले. आणि सावळा धावत येऊन फळी आणि साहेब यांच्या मधे उभा राहिला.

"नाय साहेब. बोलू नका."

"बाजूला हो."

"साहेब, तुम्ही बोललात तर हे लोक याला उपटतील. आतमधी मोकळं नाय. आतमधी धाकलू हाय."

पहिल्यांदा कुणाला काही उमगलं नाही. मग सावळ्यानं सांगितलं, तुटक तुटक. मडकं नदीत सोडायच्या आधी पोशीनं त्यातली चिमूटभर राख काढून ठेवली होती, वीराच्या बुडाशी घालायला. तिनं मरताना ते फक्त लेकाला सांगितलं. पण त्याच्या आधीपासून त्याला हे माहीत होतं की मडक्यात जे होतं ते त्याच्या कोटातलं पोरगं होतं. "माझा कोट, माझी पाळी, माझं नाव. त्याच्या आईच्या हाती काय नाय गेलं. आथं निदान त्याला कोणी वर्षाला दाणा दाखवतंय. तुम्ही शब्द मागं घेतला की याचं तेवढंपण गेलं. मग मी पुढच्या दारानं येऊन काय करू?"

वारा होता. मंगेशच्या हातातली शाल फडफडत होती.

साहेब खाली बसले, तसेच मातीत, गुडघा धरून. बोलले तेव्हा त्यांचा आवाज भाषणातला राहिला नव्हता. "त्याच्या आईची तीन पत्रं आली होती मला. राख तरी द्या म्हणून. मला ठाऊक होतं ती पोशेऱ्याला गेलीय. मी लिहिलं, काही हाती लागलं नाही." त्यांनी सावळ्याकडं नाही, फळीकडं बघितलं. "माझी बढती तोंडावर होती. एका चुकीचा कागद झाला होता. दुसरा मला नको होता."

"ती अजून हाय, साहेब," सावळा म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"दरसाल जातो. नवं खायच्या दिवशी. चंदगडला उतरतो, तिच्या गावाच्या फाट्यापर्यंत जातो. तिथं चहाची टपरी हाय. ती शेतावरनं येताना दिसते. मी चहा पितो नि परत येतो. पुढं जायला पाय होत नाय."

हौशीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. चार चार दिवस तो कुठं असतो यावर तिनं काय काय नव्हतं मनात आणलं. एक बाई ठेवलीय असंही आणलं होतं.

धोंडी भगत इतका वेळ काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. आता सत्तरीचा झालेला, दात गेलेले. "मी चुकलो," तो म्हणाला. सगळ्यांनी मान वळवली, कारण धोंडी असं कधी म्हणत नसे. "तेव्हा मी म्हटलं, रिकामा वीर हाय, उठवू. रिकामा नाय. भरलेला वीर उठवायचा नसतो. पण परक्या नावानं हाक मारली की तोपण अडकतो नि ज्याचं नाव तोपण अडकतो. साहेब, तुमचा शब्द मागं घेऊ नका. नीट करा. त्याला त्याच्या नावानं हाक मारा. गाव सांगा, आईचं नाव सांगा."

साहेब उठले. उठताना त्यांनी सावळ्याच्या खांद्याचा आधार घेतला. डोळे मिटले.

"धाकलू गावडे," ते म्हणाले. "तालुका चंदगड. आईचं नाव गंगूबाई. मी तुला सावळा म्हणालो. तू सावळा नाहीस. आणि तुझ्या आईला मी खोटं लिहिलं." त्यांनी वाकून शेंदूर लागलेल्या फळीला हात लावला. फौजेतला सलाम त्यांनी केला नाही. नुसतं वाकले, कुणीही वाकतं तसे.

हौशीनंही हात जोडले. पंचवीस वर्षं तिनं या फळीला नवऱ्याच्या नावानं तांदूळ दाखवला होता, आणि मनातून तिचा द्वेष केला होता. तिनं पदरानं फळीवरची धूळ पुसली. मग वळून नवऱ्याला म्हणाली, "आता चल घरी. बोलायचं ते आत बसून बोल."

पायरीपाशी सावळा अडखळला. कुठला पाय आधी टाकायचा ते त्याला आठवेना. पुष्पानं हसत हसत त्याच्या पाठीत हात घातला, "बा, उजवा. सैन्यात डावा शिकवतात वाटतं?" आणि तो आत आला. घराचा पुढचा खण त्यानं आतून इतक्या वर्षांत बघितलाच नव्हता. देवांची टोपली कुठं, हळद-कुंकवाची वाटी कुठं, सगळं हौशीला दाखवावं लागलं. कणसरीपुढं त्यानं तांदळाची मूठ ठेवली, अर्धे दाणे बाहेर पडले. हौशीनं ते वेचून टोपलीत टाकले. तिला हवं होतं तेवढं झालं होतं. लगेच तिला भीती वाटली की आता दुसरं काही तरी मागितलं जाईल.

तसंच झालं. जेवणं उरकता उरकता सावळा म्हणाला, "साहेबांची गाडी उद्या सकाळी निघतेय. मी जाऊ?"

"कुठं?"

"गंगूबाईकडं. साहेबपण येतायत. तिला आणतो. तिचं पोरगं आथं बसलंय, तिनं एकदा बघावं."

हौशी उठून उभी राहिली. "अरे, मंगळवारी हळद हाय! पंचवीस वर्षांनी घरात आलास, एक रात पुरती नाय झाली, तर निघालास?"

"सोमवारी परत येतो."

"नाय आलास तर?"

साहेब हात धुवायला उठले होते. ते दारातून म्हणाले, "वहिनी, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा असं म्हणायला मला तोंड नाही. पण गाडी माझी आहे."

तिला हसू आलं आणि राग गेला नाही. तिनं वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या, चार जास्त. म्हातारीला दात असतील नसतील म्हणून थोडी वरईची पेजही डब्यात भरली.

सोमवार गेला. मंगळवारी सकाळपर्यंत फोन लागेना. बायका जमल्या, नवशीनं उखळापाशी बसून टोमणा मारलाच, "काय गं, परत वीर झाला काय?" हौशीनं हळदीचं ताट झाकून ठेवलं. पहिली हळद बापाची. दोनदा ती रस्त्यापर्यंत जाऊन आली. दिराला बोलवू का, असं पुष्पानं हळूच विचारलं, तेव्हा तिनं नुसती मान हलवली. नाही.

दुपार टळताना पांढरी गाडी खालच्या वळणावर दिसली. साहेब आले नव्हते, ऑपरेशनसाठी पुण्यात उतरले होते. ड्रायव्हरशेजारी सावळा, आणि मागे एक वाळकी म्हातारी, डोक्यावर पदर घट्ट घेतलेली. ती आधी शिवेवर गेली. एकटी. सगळे लांब थांबले. तिथं ती किती वेळ बसली आणि काय बोलली ते कुणी ऐकलं नाही. मग आली, हौशीनं दिलेलं पाणी प्याली आणि म्हणाली, "मला काम द्या काही तरी. बसून राहवत नाही." बायकांनी सरकून तिला जागा दिली. तिनं हळद हातात घेतली, वास घेतला, आणि नवशीला म्हणाली, "जाडी कांडलीय. पुन्हा कांड."

बुधवारी सावळा नवं धोतर नेसून देवापुढं बसला, लेक मांडीवर. विधी चालू असताना तो दोनदा उठला. एकदा मांडवाचा दोर सैल वाटला म्हणून, एकदा वऱ्हाडाची जीप आली की काय ते बघायला. हौशीनं धोतराचा सोगा धरून त्याला खाली ओढला. "बस की रं. आता कुठं जायचंय तुला?"

तो बसला. थोड्या वेळानं गंगूबाईनं मागून पाणी मागितलं, तर तो तिसऱ्यांदा उठला. या वेळी हौशीनं सोगा सोडला. पुष्पाला तेवढ्यापुरतं आपल्या मांडीवर घेतलं.